वॉटसनचा वाटाणा आणि होम्सचे अश्रू

शेरलॉक होम्स कागदावरचा, जॅक द रिपर खराखुरा. पण दोघांचं शहर एक आणि काळही एक. होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ च्या अखेरीस एका नाताळ वार्षिकात छापून आली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तोच पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत एकामागून एक बायकांचे खून पडू लागले. सगळं शहर हादरलं. तरी आर्थर कॉनन डॉयलनं आपल्या होम्सला या खुन्याच्या मागावर कधीच धाडलं नाही. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा चाळा, रिपर कुठेही भेटत नाही.

राहून गेलेली ही गाठभेट सिनेमानं घडवून आणली. आणि माझ्या मते ती सगळ्यांत सुंदर जमली १९७९ च्या 'मर्डर बाय डिक्री' या चित्रपटात. दिग्दर्शक बॉब क्लार्क, होम्स क्रिस्टोफर प्लमर, वॉटसन जेम्स मेसन. यातला खुनांचा उलगडा इतिहासाच्या कसोटीला अजिबात उतरत नाही, पण चित्रपटाचा कळवळा शंभर नंबरी आहे. त्याच्या आगेमागे इतके मजेदार आणि चटका लावणारे किस्से आहेत की ते सांगितल्यावाचून राहवत नाही. शेवट झाकून ते सांगता येणार नाहीत, तेव्हा ज्यांना रहस्य राखायचंय त्यांनी आधी चित्रपट पाहावा आणि मग इकडे यावं.

कॅप्टन फॉन ट्रॅप बेकर स्ट्रीटवर

'साउंड ऑफ म्युझिक'मधला शिस्तप्रिय कॅप्टन आठवतो ना? तोच हा प्लमर. होम्स त्याला नवा नव्हता. १९७७ मध्ये 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेवरच्या छोट्या टीव्ही चित्रपटात त्यानं होम्स केला होता. एरवीचा होम्स थंड आणि तर्ककठोर असतो. प्लमरचा होम्स हसतो, मित्राची थट्टा करतो, चिडतो, आणि एका प्रसंगी चक्क रडतो. त्या प्रसंगाकडे पुढे येऊच.

प्लमरच्या घराण्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्याचे पणजोबा सर जॉन अॅबट हे १८९१-९२ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान होते, म्हणजे ऐन व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात. चित्रपटाच्या शेवटी हा पणतू उभा राहतो तोही त्याच काळातल्या एका पंतप्रधानापुढे, फक्त ब्रिटनच्या.

मुंबईत उतरलेला डॉक्टर

डॉक्टर वॉटसनचं आपल्याशी नातं आहे. डॉयलच्या कथेत लष्करी डॉक्टर म्हणून निघालेला वॉटसन बोटीतून मुंबईला उतरतो. तिथे त्याला कळतं की आपली पलटण केव्हाच पुढे खिंडी ओलांडून अफगाणिस्तानात गेली आहे. मग तो मागोमाग जातो आणि मैवंदच्या लढाईत जखमी होतो. २७ जुलै १८८० ची ही लढाई खरी आहे. इंग्रजांचा तिथे दणदणीत पराभव झाला, आणि गोऱ्या शिपायांच्या बरोबरीनं बॉम्बे ग्रेनेडियर्सचे देशी शिपाईही तिथे लढले आणि पडले. कथेतला वॉटसन वाचला, म्हणून लंडनला परतला, म्हणून त्याला होम्स भेटला.

हा जखमी सैनिक सिनेमात मात्र पुष्कळ वर्षं विदूषक होऊन वावरला. १९३९ ते १९४६ या काळात बेसिल रॅथबोनच्या होम्ससोबत नायजेल ब्रूसनं केलेला वॉटसन गोड होता, पण भोळसट. जेम्स मेसननं त्याला त्याची प्रतिष्ठा परत मिळवून दिली. वयाचा हिशेब पाहिला तर निवडच अजब वाटावी. मेसनचा जन्म १९०९ चा, प्लमरचा १९२९ चा. मूळ कथांत हे दोघं साधारण बरोबरीचे, इथे वॉटसन वीस वर्षांनी मोठा. पण त्यामुळेच नात्याला वेगळीच ऊब येते. थोरल्या भावासारखा हा वॉटसन थकतो, कुरकुरतो, पण होम्सची पाठ सोडत नाही.

सुरुवातीचाच प्रसंग पाहा. नाट्यगृहात युवराजांची वाट पाहत सगळे ताटकळलेत. ते येताच वरच्या स्वस्त जागांवरून हुर्यो सुरू होतो. राजनिष्ठ वॉटसन ताडकन उभा राहतो आणि युवराजांच्या नावानं जयघोष करतो. हळूहळू खालचे प्रेक्षक त्याला साथ देतात आणि हुर्यो बुडून जातो. होम्स कौतुकानं बघत राहतो. पुढे दोन तासांत याच वॉटसनला कळणार असतं की आपण ज्यांचा जयघोष केला त्यांच्या घराण्यासाठी काय काय झाकलं जातंय. पहिल्या पाच मिनिटांत इतकं पेरून ठेवणारे चित्रपट थोडेच.

एक वाटाणा

या चित्रपटाच्या चाहत्यांना अर्ध्या रात्री उठवून विचारा, पहिला प्रसंग हाच सांगतील. वॉटसन जेवतोय. ताटलीत शेवटचा एक वाटाणा उरलाय आणि तो काही केल्या काट्याला लागत नाही. बाजूला होम्स डोक्यात खुनांची जुळवाजुळव करतोय. वाटाण्याची ती पळापळ त्याला असह्य होते. तो आपला काटा उचलतो आणि वाटाणा दाबून चिरडून टाकतो, घे, आता खा! वॉटसनचा चेहरा पडतो. त्याला अख्खा वाटाणा तोंडात फुटलेला आवडतो, चिरडलेला नको असतो. होम्स ओशाळतो.

कथेच्या दृष्टीनं या प्रसंगाचं काहीही काम नाही. खुनी त्यातून सापडत नाही, धागा मिळत नाही. पण जगातला सर्वांत हुशार माणूस आपल्या मित्राच्या साध्या सुखाकडे पाहायला विसरतो आणि लगेच त्याला त्याची रुखरुख लागते, हे एवढ्याशा जागेत दिसून जातं. मेसनचा तो दुखावलेला आवाज ऐकण्यासाठी मी चित्रपट पुन्हा लावतो.

दोन नट, दुसऱ्यांदा तीच शिकार

होम्स विरुद्ध रिपर ही कल्पना १९७९ ची नव्हती. १९६५ मध्ये 'अ स्टडी इन टेरर' आला होता, त्यात जॉन नेव्हिल होम्स होता. त्यात फ्रँक फिन्ले या नटानं इन्स्पेक्टर लेस्ट्रेड केला. चौदा वर्षांनी 'मर्डर बाय डिक्री'तही लेस्ट्रेड कोण? फ्रँक फिन्लेच! वेगळा दिग्दर्शक, वेगळा होम्स, वेगळा खुनी, पण पोलीस तोच. अँथनी क्वेल हा नटही दोन्हीकडे आहे. पहिल्यात तो डॉक्टर होता, दुसऱ्यात थेट पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन. आणि १९६५ च्या त्या चित्रपटात सॅली नावाच्या मुलीच्या भूमिकेत दिसते ती तरुण जूडी डेंच, पुढे बाँडपटांत 'एम' झालेली.

त्या जुन्या चित्रपटाची जाहिरात अमेरिकेत कशी केली असेल? तेव्हा टीव्हीवर 'बॅटमॅन'ची लाट होती. जाहिरातदारांनी होम्सलाच झगा पांघरणारा मूळ महावीर म्हणून पेश केलं.

आयुक्तांच्या मागे कुत्रे

चित्रपटातला वॉरन खलनायकाच्या गोटातला आहे. खरा सर चार्ल्स वॉरन त्याहून कितीतरी रंगतदार माणूस. तो मूळचा लष्करी अभियंता. १८६७ पासून त्यानं जेरुसलेममध्ये जमिनीखालची भुयारं खणून प्राचीन शहराचा शोध घेतला. तिथल्या एका उभ्या विवराला आजही त्याचं नाव आहे. हा पुरातत्त्वाचा माणूस लंडनचा पोलीस आयुक्त झाला आणि त्याच्या कारकिर्दीत रिपर अवतरला.

ऑक्टोबर १८८८ मध्ये खुन्याचा माग काढायला बार्नबी आणि बर्गो नावाचे दोन ब्लडहाउंड कुत्रे आणले गेले. लंडनच्या बागेत त्यांची चाचणी झाली तेव्हा पळणारा गुन्हेगार म्हणून खुद्द आयुक्त वॉरन धावले आणि कुत्रे त्यांचा माग काढत आले. वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. पण चाळिशी मागे टाकलेला, पदकं मिळवलेला बडा अधिकारी एका खुन्याला पकडण्यासाठी स्वतः कुत्र्यांपुढे पळायला तयार होतो, याचं मला कौतुकच वाटतं.

३० सप्टेंबरच्या पहाटे गोल्स्टन स्ट्रीटवरच्या एका दारात खडूनं लिहिलेला मजकूर सापडला. त्यात 'ज्यू' लोकांचा उल्लेख होता, तोही विचित्र स्पेलिंगमध्ये. फोटो काढण्याआधीच वॉरननं तो पुसून टाकायला लावला. ज्यूंविरुद्ध दंगल उसळेल अशी भीती त्याला होती, आणि त्या वस्तीत ती अनाठायी नव्हती. चित्रपट मात्र या पुसण्याला फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या मंडळींचं कारस्थान ठरवतो. वॉरन फ्रीमेसन होता हे खरं, त्यामुळे संशयाला बळ मिळतं. बाकीचं पटकथेचं काम.

वॉरननं नोव्हेंबर १८८८ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतरची एक गाठ ऐकाच. जानेवारी १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धातली स्पिऑन कॉपची भीषण लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूनं त्या टेकडीवरच्या चढाईचं नेतृत्व याच वॉरनकडे होतं. आणि तिथे जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या भारतीय रुग्णसेवा पथकात मोहनदास गांधी होते. तेच गांधी ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून बोटीत बसून बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाले होते. रिपरच्या दहशतीनं शहर गोठलेलं असतानाच ते तिथे पोहोचले.

ज्यानं सांगितलं, त्यानंच नाकारलं

आता मुख्य आरोप. चित्रपट म्हणतो की राणीचा नातू राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर यानं अॅनी क्रुक नावाच्या गरीब मुलीशी गुपचूप लग्न केलं, त्यांना मूल झालं, आणि हे जाणणाऱ्या बायकांना गप्प करण्यासाठी राजवैद्यानं हे खून केले.

ही कथा आली कुठून? १९७३ मध्ये बीबीसीनं रिपरवर एक मालिका केली. त्यात टीव्हीवरच्या दुसऱ्या मालिकांतले दोन काल्पनिक पोलीस अधिकारी, बार्लो आणि वॉट, खऱ्या खुनांची कागदपत्रं तपासतात. त्या मालिकेत चित्रकार वॉल्टर सिकर्टचा मुलगा म्हणवणाऱ्या जोसेफनं ही कहाणी सांगितली. मालिकेवरून 'द रिपर फाइल' हे पुस्तक निघालं आणि 'मर्डर बाय डिक्री'च्या श्रेयनामावलीत तेच आधार म्हणून आहे. म्हणजे आधी दोन काल्पनिक पोलीस, मग त्यांच्या खांद्यावरून काल्पनिक होम्स. १९७६ मध्ये स्टीफन नाइटनं हीच कहाणी विस्तारून एक खपाऊ पुस्तक लिहिलं. आणि १९७८ मध्ये, चित्रपट लागण्याच्या आधीच, जोसेफनं वृत्तपत्रातून जाहीर करून टाकलं की रिपरचा भाग आपण रचला होता.

त्याच्या कबुलीची तशी गरजही नव्हती. राजवैद्य सर विल्यम गल सत्तरी ओलांडलेले होते आणि १८८७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. चित्रपटानं त्यांचं नाव बदलून सर थॉमस स्पायव्ही केलं. राजपुत्र म्हणाल तर एका रात्रीत दोन खून झाले त्या ३० सप्टेंबरला तो दूर स्कॉटलंडमध्ये होता. वर्षभरानं तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. बंगळूरच्या लालबागेतलं प्रसिद्ध काचगृह पाहिलंय? त्याची कोनशिला ३० नोव्हेंबर १८८९ ला याच अल्बर्ट व्हिक्टरनं बसवली.

तरीही कहाणी मरत नाही. १९८८ मध्ये मायकेल केनच्या टीव्ही मालिकेत पुन्हा गलच खुनी ठरला. २००१ च्या 'फ्रॉम हेल'मध्येही तेच. हा चित्रपट अॅलन मूर आणि एडी कॅम्पबेल यांच्या चित्रकादंबरीवरचा, आणि त्यातलं व्हाइटचॅपल उभारलं होतं प्रागजवळ. त्यात जॉनी डेपनं केलेला इन्स्पेक्टर अॅबरलाइन अफूच्या धुरात तरुणपणीच संपतो. खरा फ्रेडरिक अॅबरलाइन १८९२ मध्ये निवृत्त झाला आणि १९२९ मध्ये समुद्रकाठच्या बोर्नमथमध्ये म्हातारपणानं गेला.

द्राक्षं

'फ्रॉम हेल'मध्ये खुनी बायकांना द्राक्षांनी भुलवतो. याला एक खरा धागा आहे. बर्नर स्ट्रीटवरच्या मॅथ्यू पॅकर नावाच्या फळवाल्यानं सांगितलं की रिपरची बळी ठरलेल्या एलिझाबेथ स्ट्राइडबरोबरच्या माणसाला आपण द्राक्षं विकली. पण त्याची जबानी दर वेळी बदलत गेली, आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनं निक्षून सांगितलं की तिनं द्राक्षाची साल किंवा बी गिळलेलं नव्हतं.

ज्याला वेड्यात काढलं

आता 'मर्डर बाय डिक्री'त डोनल्ड सदरलंडनं साकारलेला रॉबर्ट लीस पाहा. खुनी त्याला स्वप्नदृश्यांत दिसतो. लीस खराच होता, अतींद्रिय शक्तींवर विश्वास ठेवणारा. त्यानं रिपरला शोधून काढल्याची भडक बातमी १८९५ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रात आली. त्याच्या स्वतःच्या डायरीतली नोंद साधी आहे: ऑक्टोबर १८८८ मध्ये तो पोलिसांकडे मदत करायला गेला आणि त्यांनी त्याला मूर्ख ठरवून परत पाठवलं.

भयपट करणारा हात

बॉब क्लार्कची कारकीर्द पाहिली की चक्रावायला होतं. १९७४ मध्ये त्यानं 'ब्लॅक ख्रिसमस' केला, खुन्याच्या डोळ्यांतून दिसणारा, चेहरा न दाखवणारा भयपट. मग 'मर्डर बाय डिक्री'. त्यानंतर 'पोर्कीज' हा चावट तरुणपट, आणि १९८३ मध्ये 'अ ख्रिसमस स्टोरी', जो अमेरिकेत आजही दर नाताळात घराघरांत लागतो. रिपरपटात त्याच्या पहिल्या विद्येचा उपयोग झालाय: काळी बंद घोडागाडी, धुक्यातून येणारा टापांचा आवाज, खुन्याची नजर. कॅनडाच्या पहिल्याच जिनी पुरस्कारांत क्लार्क दिग्दर्शनासाठी, प्लमर अभिनयासाठी आणि जनेव्हिएव्ह ब्यूजोल्ड सहाय्यक अभिनेत्री म्हणून गौरवले गेले.

ब्यूजोल्डचा या चित्रपटात जेमतेम एकच मोठा प्रसंग आहे. ती अॅनी क्रुक. वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली, तुटक बोलणारी, आपल्या बाळाच्या काळजीनं पिंजलेली. होम्स तिच्यापाशी बसतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. तर्काचा बादशहा रडतो तो खुनी सापडला नाही म्हणून नव्हे. एका बाईचं आयुष्य मोठ्या माणसांनी सोयीसाठी पुसून टाकलं, हे त्याला सहन होत नाही. खरी अॅनी क्रुकही होती. तिची मुलगी अॅलिस १८८५ मध्ये गरिबांच्या अनाथालयवजा वर्कहाउसमध्ये जन्मली, आणि अॅनीचा शेवटही १९२० मध्ये तशाच एका ठिकाणी झाला. राजपुत्राशी तिचा संबंध असल्याचा पुरावा नाही. तिच्या गरिबीचे पुरावे मात्र कागदोपत्री आहेत.

चार पेन्स

रिपरच्या गोष्टी सांगताना खुन्याचीच नावं घेतली जातात. या बायकांची नावं घ्यायला हवीत. मेरी अॅन निकल्स, ४३ वर्षांची. ३१ ऑगस्टच्या त्या रात्री धर्मशाळेवजा खोलीत एका खाटेसाठी लागणारे चार पेन्स तिच्याकडे नव्हते, म्हणून तिला बाहेर काढलं. माझ्याकडे नवी हॅट आहे, पैसे आत्ता मिळवून आणते, असं सांगून ती गेली. आठवड्याभरानं अॅनी चॅपमनलाही खाटेच्या पैशांअभावीच रस्त्यावर यावं लागलं. एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनहून आलेली; नवऱ्याबरोबर तिनं कधीकाळी कॉफीचं दुकान चालवलं होतं. कॅथरिन एडोज दारूच्या नशेत पोलीस कोठडीत होती. रात्री एकच्या सुमारास तिला सोडलं आणि पाऊण तासात तिचा मृतदेह सापडला. मेरी जेन केली सुमारे पंचविशीची, एका कोंदट खोलीचं २९ शिलिंग भाडं थकलेलं. ९ नोव्हेंबरला, लंडनच्या महापौरांची मिरवणूक निघायच्या दिवशी, भाडं मागायला गेलेल्या माणसाला ती दिसली.

इतिहासकार हॅली रुबेनहोल्डनं २०१९ मध्ये 'द फाइव्ह' हे पुस्तक लिहून या पाचजणींची पूर्ण आयुष्यं मांडली. त्याच्या चाळीस वर्षं आधी एका करमणुकीच्या चित्रपटानं होम्सला अशाच एका बाईसाठी रडवलं होतं, म्हणून मला हा चित्रपट मोठा वाटतो.

सॅलिसबरीसमोर

शेवटाला होम्स पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरीपुढे उभा राहतो. ही भूमिका जॉन गिलगुडची. आवाज न चढवता थंडगार. होम्स एकेक आरोप ठेवत जातो. सॅलिसबरीच्या लेखी त्या बायका नगण्य, राज्य टिकणं महत्त्वाचं. होम्सच्या हाती शेवटी एवढंच लागतं की अॅनीच्या मुलीला कुणी हात लावणार नाही, आणि त्याबदल्यात तो गप्प राहील.

प्रत्यक्षात सॅलिसबरीला फैलावर घेणारी व्यक्ती होती खुद्द राणी. मेरी केलीच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरियानं त्याला तार पाठवून बजावलं की या अंधाऱ्या गल्ल्यांत दिवे लागलेच पाहिजेत आणि गुप्त पोलीस सुधारले पाहिजेत.

आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एडिनबरोच्या भाषणात याच सॅलिसबरीनं आणखी एका माणसाला नगण्य ठरवलं. १८८६ च्या निवडणुकीत लंडनच्या होबर्न मतदारसंघात हरलेल्या दादाभाई नौरोजींचा उल्लेख त्यानं 'काळा माणूस' असा केला आणि असल्या माणसाला इंग्रज मतदार निवडणार नाहीत, असं सुचवलं. इंग्लंडभर गदारोळ झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले हे जुने प्राध्यापक एका रात्रीत घरोघरी माहीत झाले. जुलै १८९२ मध्ये मध्य फिन्सबरीतून दादाभाई अगदी मोजक्या मतांनी निवडून आले, आणि त्याच निवडणुकीनंतर ऑगस्टमध्ये सॅलिसबरीचं सरकार कोसळलं.